दोघांचा डाव : सात-आठ

पत्ते म्हटले की डोळ्यांसमोर घोळका येतो. मे महिन्यातली दुपार, ओटीवर पसरलेली चटई आणि झब्बूचा गलका. लॅडिसला चार जण लागतात, मेंढीकोटला चार नाहीतर सहा, पाच-तीन-दोनला नेमके तीन. पण घरात दोनच माणसं उरली असतील तर? मुलं पुण्याला किंवा आखातात, शेजारी आपापल्या टीव्हीसमोर. अशा घरांसाठी एक जुना डाव आहे. त्याचं नाव सात-आठ.

आधी पानं निवडून घ्या. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत चारही रंगांची सात-सात, म्हणजे २८. त्यांत बदाम सत्ती आणि इस्पिक सत्ती घातली की झाली ३०. प्रत्येकाला १५. जो पत्ते वाटतो त्याने सात हात करायचे, समोरच्याने आठ. पुढच्या डावाला उलट. आठवाल्यावर एका हाताचं ओझं जास्त, म्हणून हुकूम सांगायचा मान त्याचा आणि पहिली उतारीही त्याचीच.

आमच्या घरची रीत सांगतो. आधी पाच-पाच पानं वाटायची. तेवढीच बघून आठवाल्याने हुकूम बोलायचा. मग प्रत्येकासमोर पाच पानं पालथी मांडायची आणि त्यांच्यावर पाच उघडी. म्हणजे हातातली पाच फक्त तुम्हाला दिसतात, वरची पाच दोघांनाही, आणि खालची पाच कुणालाच नाही. उतरलेल्या रंगाचं पान हातात किंवा जमिनीवर उघडं असेल तर तेच टाकायला हवं. नसेल तर हुकमाने मारा, नाहीतर एखादं फालतू पान फेका. उघडं पान खेळलं गेलं की तो हात संपल्यावर त्याच्या खालचं उलटायचं. काही घरांत पंधराच्या पंधरा पानं हातात घेतात. मला ते पटत नाही. ३० पैकी १५ आपल्याला दिसली की उरलेली समोरच्याकडे, हे सांगायला काही हुशारी लागत नाही. मग डावाची निव्वळ बेरीज-वजाबाकी होते आणि नशिबाला घरात शिरायला फटही राहत नाही.

हुकूम बोलताना एकट्या एक्क्यावर भाळू नका. राणी, गुलाम, नश्शी अशी एकाच रंगाची तीन पानं हातात असतील तर तो रंग बोलावा. बदाम आणि इस्पिक यांची आठ-आठ पानं खेळात असतात, किलवर-चौकटची सात-सात, हेही ध्यानात असू द्या. नवख्या माणसाला झाकलेली पानं उघडण्याची फार घाई असते. पण उघडलेलं पान समोरच्यालाही दिसतं, हे तो विसरतो.

आता या डावातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. एकूण हात पंधरा. तुम्ही सातचे नऊ केलेत तर समोरच्याचे आठचे सहाच झाले. तो तुमचं दोन पानांचं देणं लागला. पुढच्या डावात, हुकूम बोलून पानं मांडून झाली की, तो आपली पाच पानं पालथी धरून तुमच्यापुढे करतो. तुम्ही त्यातलं एक न बघता ओढायचं आणि आपल्या हातातलं नको असलेलं एक त्याला द्यायचं. असं दोनदा. एक्का आला तर तुमचं नशीब, आणि त्याच्या वाट्याला तुमची अठ्ठी. दोघांचेही ठरलेले हात बरोबर झाले तर कुणी कुणाचं देणं लागत नाही.

रत्नागिरीकडच्या आमच्या गावी माझे वडील आणि चाचा परसातल्या चार हात जागेवरून कोर्टात गेले होते. मी तेव्हा शाळेत होतो. दोघांचं बोलणं बंद, अंगणात मधोमध चिऱ्याचा गडगा. पण मगरिबची नमाज झाली की चाचा गडगा ओलांडून आमच्या ओटीवर येत. सलामसुद्धा दादीला, वडिलांना नाही. कंदील मध्ये ठेवून दोघं सात-आठ खेळत. पैसे लावणं हराम, त्यामुळे दादीची पत्त्यांबद्दल तक्रार असली तरी ती पुटपुटण्यापुरतीच. अख्ख्या संध्याकाळीत दोघांमध्ये शब्द किती, तर "हुकूम?" "किलवर." एवढेच. जमिनीचा एक वीतही कुणी सोडायला तयार नव्हतं, पण कालची दोन पानं बाकी आहेत याची आठवण कधी कुणाला करून द्यावी लागली नाही. देणेकरी आपणहून पानं पालथी करून पुढे धरत असे. एकदा चाचांनी ओढलेला एक्का बघितला, वडिलांकडे बघितलं आणि बदल्यात राजा दिला. का दिला, ते दोघांनाच ठाऊक. दावा त्यानंतरही चालूच राहिला.

कवी माणूस असल्याने मला या खेळातले शब्दही मोह घालतात. हुकूम अरबी, गुलाम अरबी, बदाम फारसी, चौकट आपली घरची. पत्ते आपल्याकडे येऊनही जमाना झाला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. सावंतवाडीला गंजिफाची गोल पानं अजून हाताने रंगवतात, दशावतारी संचात ती १२० असतात. तोही हात करण्याचाच खेळ, पण तो साधारणपणे तिघांचा, आणि सगळी पानं ओळखू येईपर्यंत पाहुणा गावाला परत जातो. सात-आठ मात्र चहा उकळेपर्यंत शिकवून होतो.

खेळायला बसाल तेव्हा एक करा. बाजूला काढलेली २२ पानं रबर लावून डबीत ठेवा. ती हमखास उशीखाली जातात, आणि दिवाळीत नातवंडं आल्यावर झब्बूला चौकटची तिर्री सापडत नाही.