पंगत उठल्यावर



बुद्धविहारात ख्रिस्ती बाईची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. पण आळवी गावी भुकेल्या शेतकऱ्याला आधी जेवू घालून मगच तथागतांनी उपदेश केला, ही कथा आपण ऐकलेली आहे. त्याच वाटेने चाललेली ही बाई आम्हाला परकी वाटत नाही.

अमेरिकेतील डोरोथी डे तरुणपणी समाजवादी पत्रांतून लिहीत. १९२७ साली त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. पण कामगारांची बाजू सोडली नाही. महामंदीत लाखो लोक बेकार असताना, १ मे १९३३ रोजी पीटर मॉरिन यांच्या साथीने त्यांनी न्यूयॉर्कमध्ये 'कॅथलिक वर्कर' हे पत्र काढले. किंमत एक सेंट! पुढे बेघरांसाठी घरे उघडली. दारी येणाऱ्याला तिथे पाहुणा मानत.

बरं, बाई जेवू घालून थांबल्या नाहीत. माणूस उपाशी का राहतो, हेही त्या विचारीत. १९७३ साली, वयाच्या ७५ व्या वर्षी, कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या संपात त्या तुरुंगात गेल्या.

आपणही जयंतीला भोजनदान करतो. चांगलंच आहे. पण पंगत उठल्यावर, आपल्याच गल्लीतल्या बिगारी बाईची मजुरी ठेकेदाराने का बुडवली, हे विचारायला आपल्यातले किती जण तिच्याबरोबर जातात?

त्यांचा देव आपण मानत नाही. पण त्यांची करुणा आणि धाडस घ्यायला काय हरकत आहे? या वर्धापनदिनी एवढा संकल्प आपण सर्वांनी करावा, ही विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!