पेन्शनीच्या तुटीचा दोष कोणाचा?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत खेड्यातील एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी केलेले भाषण)



आजच्या विषयावर बोलण्यास शिक्षकाने उभे राहावे, हेच कित्येकांस रुचणार नाही. "मास्तर, तुम्हांस पगार आहे, पुढे पेन्शन आहे, आमच्या म्हातारपणास काय आहे?" हा सवाल आम्हांस चावडीवर व पारावर नेहमी ऐकावा लागतो. सवाल खरा आहे. म्हणून आरंभीच सांगतो, की आम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्यांपैकी आहोत. जुनी पेन्शन आमच्या वाट्यास आली नाही. या गोष्टीत आमचा स्वार्थ आहे. तेव्हा आमचे बोलणे तराजूत घालून पाहावे, आणि हलके भरेल ते खुशाल टाकून द्यावे.

डिसेंबर २०२२ मध्ये त्या वेळचे उपमुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनी नागपूरच्या अधिवेशनात सांगितले, की जुनी पेन्शन पुन्हा दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल व राज्याचे दिवाळे निघेल. पुढे १४ मार्च २०२३ रोजी सरकारी नोकर, शिक्षक व जिल्हा परिषदांचे नोकर संपावर गेले. तो संप २० मार्चला मिटला. नेमक्या त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस व गारपीट झाली. गहू, द्राक्षे, कांदा आडवा पडला, आणि पंचनामे करणारे तलाठी संपावर! शेतकऱ्याच्या मनात नोकराविषयी त्या दिवसांत जी अढी बसली, ती अजून गेली नाही. सरकार बोट दाखविते नोकराकडे, नोकर दाखवितो सरकारकडे, आणि शेतकरी म्हणतो, "दोघेही आमच्याच पैशावर भांडतात." तेव्हा हा खड्डा पडला कसा, हे पाहू.

पेन्शन म्हणजे काय? तुम्हांस बलुते ठाऊक आहे. सुतार ज्येष्ठात नांगर भरून देई, लोहार वर्षभर फाळ शेवटून देई. त्यांचे मोल मिळे खळ्यावर. कष्ट आधी, दाम मागून. खळ्यावरची ती पाटी भीक नव्हे, की मेहेरबानी नव्हे. ते केलेल्या कामाचे राहिलेले देणे होय. पेन्शनही तशीच आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा यांच्या खटल्यात हेच ठरविले, की पेन्शन ही सरकारच्या मर्जीची देणगी नसून मागे केलेल्या चाकरीबद्दलचा हक्क आहे.

आता असे समजा, की सुताराने वर्षभर काम केले, आणि खळ्यावर घरधनी म्हणाला, "यंदा धान्य कमी आहे, शिवाय तुमचे बिऱ्हाड फार मोठे आहे." दोष कोणाचा? काम करून घेताना ज्याने पाटीचा हिशेब धरला नाही त्याचा, की काम करणाऱ्याचा?

आमच्या राज्यात नेमके असेच झाले. जुन्या पेन्शनीत नोकरास शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम मिळे, व तीवर महागाईभत्ता. पण या देण्यासाठी वेगळी कणगी कधी भरलीच नाही. ज्या वर्षी पेन्शन द्यायची, त्याच वर्षीच्या वसुलातून ती काढायची, अशी रीत. नोकरभरती जोरात होती व निवृत्त थोडे होते, तोवर ही रीत सोपी वाटली. पुढे निवृत्तांची संख्या वाढली, माणसांचे आयुष्यही वाढले. स्वातंत्र्याच्या वेळी या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात आहे. माणूस जास्त जगला हा काही गुन्हा नव्हे. गुन्हा असलाच तर हा, की ते दिसत असूनही कोणी हिशेब मांडला नाही.

हिशेब न मांडण्याची सोय सरकारी वहीतच आहे. सरकारचा जमाखर्च रोकडीचा असतो: यंदा आले किती, गेले किती. तीस वर्षांनी द्यावयाच्या पेन्शनीचे देणे सरकारच्या कर्जाच्या रकान्यात चढत नाही. सावकाराचे देणे कागदावर असते म्हणून डोळ्यांपुढे राहते. हे देणे कागदावर नाही म्हणून पक्षोपक्षीची मंत्रिमंडळे आली नि गेली, वेतन आयोग जाहीर झाले, टाळ्या पडल्या, आणि बिल पुढच्याच्या उंबऱ्यावर ठेवले गेले. नोकरांच्या संघटनांच्या पुढाऱ्यांनीही पेन्शन किती, एवढेच विचारले; ती कोणत्या कणगीतून, हे फारसे विचारले नाही. त्यांच्याही पदरी थोडा वाटा येतो.

मग २००५ साली सरकारने एका ठरावाने नव्या नोकरांस जुनी पेन्शन बंद केली. नव्याच्या पगारातून शेकडा १० कापायचे, तितकेच सरकारने घालायचे. सरकारचा वाटा पुढे १४ झाला. पैसा बाजारात गुंतवायचा, उगवेल तेवढे तुमचे. म्हणजे पावसाचा सगळा धोका नोकराच्या डोक्यावर! आमच्या ओळखीच्या कित्येक शिक्षकांच्या पगारातून कपात होत राहिली, पण खात्यात किती जमले याची चिठ्ठी वर्षानुवर्षे हाती आली नाही. जुन्यांची पेन्शन तर द्यावीच लागते, व नव्यांची वर्गणीही भरावी लागते. म्हणून तिजोरीस ओढ दुहेरी लागली.

कोणी म्हणेल, निराळी कणगी केली असती म्हणजे भागले असते. नुसते तेवढ्यानेही भागत नाही. अमेरिकेत इलिनॉय नावाचे राज्य आहे. तेथे शिक्षकांच्या पेन्शनीचा स्वतंत्र फंड आहे. शिक्षकाचा वाटा पगारातून महिन्याच्या महिन्याला कापला जातो. तो चुकविता येत नाही. राज्याने मात्र आपला वाटा वर्षानुवर्षे कमी भरला. १९९४ मध्ये कायदा केला, की २०४५ पर्यंत फंड शेकडा ९० भरू. आणि २००६ व २००७ या सालांत पुन्हा हात आखडला. २०२० च्या सुमारास त्या फंडात हव्या त्या रकमेच्या निम्मीही नव्हती. २०१३ मध्ये पेन्शनीची वाढ छाटण्याचा कायदा झाला, तो तेथील वरिष्ठ न्यायालयाने मे २०१५ मध्ये रद्द केला. कारण पेन्शन कमी करता येणार नाही, असे त्या राज्याच्या घटनेतच आहे. कणगी आहे, पण भरणाराच चोरी करतो, तर कणगीने काय करावे?

आता पुढचे पाहा. राजस्थानने २०२२ मध्ये जुनी पेन्शन पुन्हा जाहीर केली. आणखी काही राज्यांनी तोच मार्ग धरला. आमच्या मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या एकीकृत पेन्शनीस मान्यता दिली. तीत २५ वर्षे चाकरी करणाऱ्यास मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन कबूल केली आहे. वचन मिळाले, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु २००५ साली पंचविसाव्या वर्षी लागलेला शिक्षक अठ्ठावनाव्या वर्षी, म्हणजे २०३८ साली, घरी बसेल. वचन देणारा त्या दिवशी कोठे असेल? फेडणार आहेत ती तुमची-आमची आज शाळेत बसलेली पोरे. कणगी न भरता दिलेले वचन म्हणजे नातवाच्या नावावर काढलेले कर्ज होय.

शेतकऱ्यांनो, कारागिरांनो, तुमचे गाऱ्हाणे आम्ही विसरलो नाही. निराधार वृद्धास राज्याने २०२३ मध्ये महिना १,००० चे १,५०० केले. गिरणी-कारखान्यात व एस.टी.त हाडे झिजविणाऱ्यांच्या पेन्शनीची किमान रक्कम २०१४ मध्ये ठरली १,००० रुपये! आणि आमदारकीची एक मुदत ज्याने पाहिली, त्या माजी आमदाराची पेन्शन २०१६ मध्ये सभागृहानेच ४० हजारांची ५० हजार केली. तेव्हा तिजोरी रिकामी असल्याचे कोणास आठवले नाही. मग ती आठवते केव्हा? मास्तर, नर्सबाई आणि शिपाई यांची पाळी आली म्हणजे!

शेतकऱ्याची गाठ आणि शिक्षकाचा पगार या दोन वैरी गोष्टी नव्हेत. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे शेतकऱ्याचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर उधळला जातो, ही तक्रार मांडली. आणि त्याच निवेदनात गावच्या शिक्षकाचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, असेही मागितले. पैसा रयतेचा आहे म्हणूनच त्याचा हिशेब हवा, आणि काम रयतेच्या पोरांचे आहे म्हणूनच करणाऱ्यास दाम हवा.

म्हणून मागणे चार. पेन्शनीचे पुढचे सारे देणे दरसाल अर्थसंकल्पात, मराठीत, कळेल अशा आकड्यांत छापावे. कापलेला पैसा व सरकारचा वाटा त्याच महिन्यात खात्यात पडावा व त्याची पावती मिळावी. पैसा कोठून येणार हे सांगितल्यावाचून कोणत्याही मंत्र्याने नवे वचन देऊ नये, आणि हा नियम आमदारांच्या पेन्शनीसही लागावा. आणि नांगर धरणाऱ्या, माग चालविणाऱ्या, चाक फिरविणाऱ्या हातांस म्हातारपणी पोट भरेल एवढी पेन्शन हक्काने मिळावी.

पुढच्या निवडणुकीत जो तुमच्या दारी येऊन म्हणेल, "मास्तर तुमचे खातो," त्यास एवढेच विचारा: "दादा, कणगीत तुम्ही काय टाकले, ते आधी दाखवा." आणि जो आमच्या दारी येऊन म्हणेल, "पेन्शन देतो," त्यासही आम्ही तेच विचारू. दोन्ही दारी एकच सवाल ऐकू आला, म्हणजे त्यास उत्तर द्यावेच लागेल.