गोधडीची पिशवी

भेट म्हणून शिवलेल्या पिशव्या बहुधा पाहण्यास रमणीय आणि वाहण्यास निरुपयोगी निघतात, याचे कारण असे की शिवणाऱ्याचे सारे चित्त ठिगळांच्या रंगसंगतीत गुंतलेले असते आणि पाच किलो तांदळाचा भार नेमका कोठे पडणार, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. सूरजागडच्या परिसरातून एटापल्लीच्या बाजारास जाणाऱ्या आप्तासाठी गोधडीच्या रीतीने पिशवी शिवावयाची, तर आरंभ त्या हिशेबापासून करावा.

कापड निवडताना भावनेस थोडे आवरावे. आजीचे जुने लुगडे ही गोधडीची परंपरागत सामग्री खरी. तथापि ते उन्हासमोर धरून जेथे वीण विरळ दिसेल तो भाग बिनदिक्कत वगळावा. काठ मात्र घट्ट विणीचे असल्यामुळे पुष्कळ वर्षे टिकतात. नवे सुती कापड आधी भिजवून वाळवून घ्यावे, अन्यथा पहिल्याच धुण्यात ते आटते, शेजारचे जुने ठिगळ ओढून फाडते आणि लाल असल्यास अस्तरावर रंगही उतरवते. आरमोरी किंवा नागभीडकडील कोशाची कात्रणे हाती आली तर ती अवश्य वापरावीत. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर पोसलेल्या किड्याच्या त्या मातकट सोनेरी सुतापुढे छापील कापड, माझ्या मते, फिकेच. परंतु कापलेल्या कडेशी त्याचे धागे निसटत असल्याने मागे पातळ सुती कापड लावून तो तुकडा दर्शनी भागी, मध्यावरच बसवावा, तळाशी किंवा बंदांच्या मुळाशी कदापि नव्हे.

ठिगळे जोडून झाली की त्यांखाली जुन्या धोतराचे दोन थर आणि सर्वांत खाली जाड अस्तर अंथरावे, आणि मध्यापासून कडांकडे, बोटभर अंतराच्या ओळींनी धावदोरा घालावा. कडेपासून आरंभ केल्यास सुरकुत्या मधोमध कोंडतात. धावदोऱ्याने कापड आकसते, म्हणून 16 इंचांच्या पिशवीसाठी 18 इंचांचे कापड धरून शेवटी बेतावे. बाजू शिवल्यावर तळाचा प्रत्येक कोपरा त्रिकोणी दुमडून टोकापासून 2 इंचांवर आडवी टीप मारावी, म्हणजे 4 इंच रुंदीचा बसका तळ मिळतो.

तळाचे कापड काळसर किंवा विटकरीच असावे, हा माझा आग्रह आहे. सूरजागडची टेकडी लोहखनिजाची. तेथील तांबडी धूळ फिक्या सुतात शिरली की साध्या साबणास सहसा दाद देत नाही, आणि जानेवारीत तेथल्याच ठाकुरदेवाच्या यात्रेस गेलेला माणूस पिशवी जमिनीवर टेकविणारच.

आत एक कप्पा असावा, ज्यात शिधापत्रिका आणि तहसील कचेरीचे कागद न चुरगळता राहतील. बंद चार पदरी करून 4 इंच खालपर्यंत घ्यावेत आणि चौकोनात फुली अशा उलट टिपेने पक्के करावेत. मग पाच किलो तांदूळ भरून पिशवी रात्रभर खुंटीस टांगावी. सकाळी बंदांच्या मुळाशी टाके ताणलेले दिसल्यास तेथे आणखी एक ओळ घालूनच ती भेट द्यावी.