स्वर वाचताना

देवनागरी वाचायला शिकणारा हमखास अडखळतो तो पहिल्या वेलांटीपाशी. ‘कि’मध्ये वेलांटी दिसते ‘क’च्या आधी, पण ‘इ’ उच्चारायची नंतर. म्हणून अक्षर आणि वेलांटी सुटी करून शिकवू नये. अख्खं ‘कि’ एका नजरेत ओळखू द्यावं.

‘अ’ याहून अवघड. व्यंजनाला जोडताना त्याला चिन्हच नाही. तो अक्षरात मुरलेला असतो आणि शब्दाच्या शेवटी बहुधा गळतो. ‘घर’चा उच्चार ‘घर्’ होतो. ‘करवत’ म्हणताना तर ‘र’मधला ‘अ’सुद्धा नाहीसा होतो. हे नियम सांगून फारसं कळत नाही. मोठ्यानं वाचलेलं पुन्हा पुन्हा कानावर पडायला हवं.

बाकीच्या स्वरांतही बारकावे आहेत. ‘कवी’, ‘गुरू’ यांचा शेवट मराठीत दीर्घ लिहितात, ‘आणि’ मात्र ऱ्हस्व. ‘ऋ’ मराठीत ‘रु’सारखा, हिंदीत ‘रि’सारखा उच्चारतात. आणि ‘बॅट’, ‘बॉल’मधले स्वर? 2009 च्या शासन निर्णयानं ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेत स्थान दिलं. मुलांच्या तोंडी ते रोजच असतात, तेव्हा घरच्या तक्त्यातही ते पहिल्या दिवसापासून असावेत.