बीडच्या घरात समुद्रफूल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

समुद्र बघायचा म्हटलं, तर बीडच्या माणसाला रात्रभराचा एसटीचा प्रवास करावा लागतो. मुंबई रस्त्याने जवळपास ४०० किलोमीटर. त्यात उन्हाळा लागला, की आपल्याकडे गोड्या पाण्याचीच पंचाईत. अशा मुलखात घरी खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवायची आणि तिच्यात समुद्रातला जीव वाढवायचा, हे नसते उद्योग कशाला, असं कुणीही विचारेल. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधत शोधतच आज आपण समुद्रफुलाविषयी बोलू.

समुद्रफूल म्हणजे अ‍ॅनिमोन. नाव फुलाचं असलं तरी हा प्राणी आहे. प्रवाळ आणि जेलीफिश यांच्या गोतावळ्यातला. खाली खडकाला चिकटणारा तळवा, मध्ये मऊ खोडासारखं अंग, वर तोंड आणि तोंडाभोवती झालरीसारख्या शुंडिका. त्याला मेंदू नाही, हाडं नाहीत. शुंडिकांमध्ये मात्र सूक्ष्म डंखपेशी असतात. भक्ष्याचा स्पर्श झाला, की त्यांतून विषारी धागा सुटतो. अनेक जातींच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि यजमानालाही देतं. म्हणून या प्राण्याला खाण्याइतकीच चांगल्या दिव्याचीही गरज असते.

समुद्रापासून दूर असे जीव जगवण्याचा खटाटोप जुना आहे. १८४६ साली अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. तेव्हा वीज नव्हती, पंप नव्हता. त्यांच्या घरी खिडकीपाशी उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतलं जाई, म्हणजे त्यात हवा मिसळे. त्याच्याही आधी, १८२८ साली, सर जॉन डॅलिएल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवलं. डॅलिएल १८५१ मध्ये वारले. समुद्रफूल जगलं १८८७ पर्यंत! लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी म्हणत. या आजीने बरणीत शेकडो पिल्लांना जन्म दिला. मालक गेला तरी जीव मागे उरतो, हे समुद्रफूल घरी आणणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावं.

आता आपल्या घराकडे येऊ. साठ लिटरची पेटी धरा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे दोन किलोच्या वर मीठ लागेल. हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे. मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे योग्य प्रमाणात असलेलं मत्स्यालयाचं मीठ वेगळं मिळतं. आपल्या बोअरचं पाणी जड, म्हणून आरओचं पाणी वापरावं लागतं. पेटीतलं पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरायची, खाऱ्या नव्हे.

इथेच हिशेब मांडला पाहिजे. आठवड्याला सहा लिटर पाणी बदललं आणि दहा लिटर तूट भरली, तर सोळा लिटर शुद्ध पाणी झालं. घरगुती आरओ एका लिटरमागे तीनेक लिटर पाणी बाहेर टाकतो. म्हणजे आठवड्याला चौसष्ट लिटर, चार-पाच घागरी. बाहेर पडणारं पाणी फरशीला, संडासाला वापरलं तर निभावतं. पण ज्या घरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा छंद सुरू करू नये, असं मी स्पष्ट सांगेन. पावसाचं पाणी साठवायची सोय असलेल्याने विचार करावा.

पाण्यानंतर ऊन. समुद्रफुलांना २४ ते २७ अंश तापमान मानवतं आणि आपला मे महिना चाळिशी ओलांडतो. पाणी थंड करणारं यंत्र महाग पडतं. मात्र आपली हवा कोरडी आहे. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने पेटीच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला, की पाणी काही अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती इतकी चालत नाही. अर्थात पाणी उडतं जास्त, म्हणजे तूटही वाढते. भर उन्हाळ्यात पंखा पुरला नाही, तर पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत हवी. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ ठेवावा.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवायची चांगली सवय आहे. ते पाणी पेटीत चुकूनही घालू नये. तांबं या जिवांना विष आहे. माशांच्या काही औषधांतही ते असतं.

पेटी भरली म्हणजे समुद्रफूल आणायचं, असं नाही. मलमूत्रातून आणि उरल्यासुरल्या खाण्यातून निघणारा अमोनिया पचवणारे जीवाणू वाढायला महिना-दीड महिना लागतो. समुद्रफुलासाठी तर पेटी पाच-सहा महिने मुरू द्यावी. मग आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा बारीक तुकडा पुरतो. पंपाच्या तोंडावर स्पंज बांधावा. समुद्रफूल सरकत जातं आणि आत ओढलं जातं. अंग मलूल, तोंड सताड उघडं आणि दुर्गंधी अशी लक्षणं दिसली, की ते लगेच बाहेर काढावं. नाहीतर सगळं पाणी नासतं.

आता पैदास. समुद्रफुलांच्या तऱ्हा निरनिराळ्या. काही जाती मधोमध दुभंगतात आणि एकाची दोन होतात. एप्टेशिया नावाचं तपकिरी, बारकं समुद्रफूल दगडाबरोबर न बोलावता येतं. ते सरकताना तळव्याचे कण मागे राहतात आणि प्रत्येक कणातून नवं उगवतं. खरवडायला जावं तर दहा होतात. अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या मुलखात रक्तबीजाची गोष्ट वेगळी सांगायला नको. छंदिष्टांच्या डोक्याला ताप असलेला हाच जीव शास्त्रज्ञांच्या मात्र उपयोगाचा आहे. प्रवाळ आणि शैवाल यांचं नातं समजून घेण्यासाठी प्रयोगशाळांत तो मुद्दाम वाढवतात.

लहान पेटीला कॅरिबियन समुद्रातलं ‘रॉक फ्लॉवर’ बरं. ते तळहाताएवढं असतं आणि सहसा एका जागी राहतं. त्यात नर-मादी वेगळे, म्हणून तीन-चार एकत्र ठेवावी लागतात. मादी अंगातच पिल्लं वाढवते आणि तोंडावाटे बाहेर सोडते. मोहरीएवढी पिल्लं काचेवर, दगडावर चिकटलेली दिसतात. त्यांना आर्टेमियाची अळी द्यावी. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात घरीच दिवसभरात उबतात.

ही पैदास एवढी महत्त्वाची का? कारण बाजारात येणारे समुद्री जीव बहुतेक समुद्रातूनच काढलेले असतात. खडकावरून खरवडताना समुद्रफुलाचा तळवा फाटला, की ते जगणं कठीण होतं. प्रवाळ काढायला तर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. आपल्याकडच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं, तेव्हा एक वाट मोकळी झाली. टाकीत जन्मलेला मासा घेतला, की समुद्रातला एक मासा वाचतो. समुद्रफुलाचंही तसंच आहे. घरच्या पेटीत वाढलेलं पिल्लू मित्राला दिलं, तर त्याला समुद्रातलं विकत घ्यावं लागत नाही. एक मात्र पाळावं. नको झालेला जीव सहलीला गेल्यावर कोकणात समुद्रात सोडून येऊ नये. परका जीव तिथल्या जिवांच्या मुळावर येऊ शकतो.

तेव्हा सुरुवातीचा प्रश्न, नसते उद्योग कशाला? पाण्याचा हिशेब जमत असेल, सहा महिने धीर असेल आणि आपल्यामागे त्या जिवाचं कोण करील हे ठरलं असेल, तर हा उद्योग नसता नाही. नसेल जमत, तर किनाऱ्यावर जाल तेव्हा ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यात वाकून बघा. बोट न लावता बघा. समुद्रफूल तिथे आपल्या घरी असतं.