मार्क्स वाचायचा तो चारचौघांत बसून
(एका अभ्यासवर्गाच्या आरंभीं केलेलें भाषण)



आजपासून आपण आठवड्यांतून एक रात्र एकत्र बसून कार्ल मार्क्सचे विचार वाचणार आहों. आरंभींच एक भीति दूर केली पाहिजे. तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र हे शिकलेल्या लोकांचे विषय. नांगर धरणाऱ्यानें किंवा रंधा मारणाऱ्यानें त्यांत कशाला पडावें, असें आपल्यांतील पुष्कळांस वाटतें. ही भीति आपण आईच्या पोटांतून घेऊन आलों नाहीं. ती आपल्यांत घालण्यांत आली आहे. एकानें पोथी वाचावी आणि बाकीच्यांनीं हात जोडून ऐकावी, असें पिढ्यान्‌पिढ्या चाललें. त्यामुळें पुस्तक पुढें आलें कीं आपली मान आपोआप खालीं जाते.

पण ज्या विचारांचा आपण अभ्यास करणार, ते कोणत्या लोकांत वाढले तें पाहा. १८४० सालीं लंडनमध्यें पोटासाठीं आलेल्या जर्मन कारागिरांनीं आपली एक शिक्षणसंस्था काढली. तिच्या चालकांत हाइन्रिख बाउअर हा जोडे शिवणारा होता, योसेफ मोल हा घड्याळें करणारा होता, कार्ल शापर हा छापखान्यांत खिळे जुळविणारा होता. दिवसभर राबून ही मंडळी रात्रीं जमत, वाचीत आणि वाद घालीत. ह्याच मंडळींच्या कम्युनिस्ट लीगनें १८४७ च्या अखेरीस मार्क्स व एंगल्स ह्यांस जाहीरनामा लिहावयास सांगितलें, आणि १८४८ च्या फेब्रुवारींत तो छापून निघाला. त्याच १८४७ च्या डिसेंबरांत ब्रसेल्स शहरीं कामगारांच्या संस्थेपुढें मार्क्सनें मजुरीवर व्याख्यानें दिलीं; ‘मजुरी आणि भांडवल’ हें लहानसें पुस्तक त्यांतून झालें. योसेफ डीट्सगेन हा कातडीं कमावणारा. त्यानें १८६९ सालीं माणसाची बुद्धि कशी काम करते ह्यावर ग्रंथ लिहिला. आउगुस्ट बेबेल हा धंद्यानें कातारी. तो पुढें जर्मनीच्या समाजवादी पक्षाचा पुढारी झाला. तेव्हां हें घर परक्याचें समजून उंबऱ्यावर थबकूं नका.

आणि आपल्या मुलखांत तेव्हां काय चाललें होतें? ज्या १८४८ सालीं जाहीरनामा निघाला, त्याच सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. १८५५ सालीं जोतीरावांनीं कष्टकऱ्यांसाठीं रात्रीची शाळा काढली. १८८३ च्या मार्चमध्यें मार्क्स वारला. त्याच वर्षीं जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. लंडन कोठें आणि पुणें कोठें! पण राबणाऱ्यानें स्वतः विचार केल्याखेरीज त्याची सुटका नाहीं, ही गोष्ट दोन्हीकडे एकच.

आतां वाचावें कसें? मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाचा पहिला भाग १८६७ सालीं निघाला. त्याचीं पहिलीं प्रकरणें फार कठीण आहेत. कित्येक उत्साही मंडळी पहिल्या पानापासून आरंभ करतात आणि महिन्याभरांत पुस्तक फळीवर ठेवतात. खुद्द मार्क्सनें आपला मित्र कुगेलमान ह्यास त्याच वर्षीं पत्रांतून कळविलें कीं, तुझ्या पत्नीनें प्रथम कामाचा दिवस, सहकार्य, श्रमविभाग व यंत्रें आणि भांडवलाचा मूळ संचय हीं प्रकरणें वाचावीं. ग्रंथकर्त्यानेंच दाखविलेली ही पायवाट आपण कां सोडावी? आधीं ‘मजुरी आणि भांडवल’, मग हीं प्रकरणें, आणि कठीण भाग शेवटीं, असा क्रम आपण ठेवूं.

मार्क्सचा मुख्य मुद्दा आपल्या रोजच्या भाषेंत सांगतां येतो. चपला करणारा एक कारागीर घ्या. आंकडे केवळ समजुतीसाठीं आहेत. व्यापारी त्याला ३०० रुपयांचें चामडें व दोरा देतो. कारागीर बारा तास बसून माल तयार करतो. तो माल १,५०० रुपयांस विकला जातो आणि कारागिराच्या हातावर ५०० रुपये पडतात. चामड्याचे ३०० वजा केले तर नवीन किंमत १,२०० रुपयांची झाली. ती कोणीं निर्माण केली? चामडें स्वतः होऊन चप्पल झालें नाहीं; त्यानें आपली ३०० ची किंमत मालांत उतरविली, एवढेंच. बाकीची बारा तासांच्या श्रमानें आली, म्हणजे तासाला १०० रुपये. कारागिराला ५०० मिळाले, म्हणजे पांच तास तो स्वतःसाठीं राबला. उरलेले सात तास दुसऱ्यासाठीं. ह्या ७०० रुपयांस मार्क्स वरकड मूल्य म्हणतो. व्यापारी म्हणेल, “मला दुकानाचें भाडें आहे, कर्जाचें व्याज आहे.” मार्क्सचें उत्तर असें कीं, भाडें, व्याज आणि नफा हे त्याच वरकड राशीचे वांटे आहेत; रास घातली ती राबणाऱ्यानें.

येथें शेतकरी बंधु विचारतील, “आमच्यावर मालक नाहीं, जमीन आमची, मग आमची वरकड कोण नेतो?” हा प्रश्न खरा आहे आणि तो वर्गांत विचारलाच पाहिजे. एंगल्सनें १८९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘भांडवल’च्या तिसऱ्या भागांत सावकारी भांडवलावर प्रकरण आहे. सावकार उत्पादनाची पद्धत बदलीत नाहीं. जुनी पद्धत तशीच ठेवून तिला जळूसारखा चिकटतो आणि उत्पादक अधिक कंगाल होतो, असा त्याचा आशय. आपल्याला हें पुस्तकांतून कळण्याआधीं पाठीवरून कळलेलें होतें. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें शेतकरी उठले आणि पुणें व नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणीं त्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले. पण रोखा जाळला तरी रोखा लिहून घेणारी व्यवस्था जळत नाहीं. ती कशी चालते हें समजून घेण्यासाठींच अभ्यास करावयाचा.

तत्त्वज्ञानाचेंही तसेंच आहे. विरोधविकासवाद हा शब्द ऐकून घाबरूं नका. एंगल्सनें १८७८ च्या आपल्या ग्रंथांत त्यासाठीं जवाच्या दाण्याचा दाखला दिला आहे. दाणा मातींत पडतो, दाणा म्हणून नाहींसा होतो, त्याचें रोप होतें आणि रोप वाळतां वाळतां पुन्हां अनेक दाणे देतें. पेरणी करणाऱ्याला ह्यांत नवीन तें काय? नवीन एवढेंच कीं, समाजही असाच पोटांतल्या विरोधानें बदलतो. तो कोणाच्या शापानें किंवा वरदानानें बदलत नाहीं. मात्र दाण्याला लागू पडलेलें समाजाला जसेंच्या तसें लागू पडतें काय, हेंही विचारावयाचें.

बंधूंनो, आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एक पोथी टाकून दुसरी हातीं घेण्यासाठीं आपण जमलों नाहीं. मार्क्सनें १८५३ सालीं अमेरिकेंतील वर्तमानपत्रांत हिंदुस्थानावर लेख लिहिले. रेल्वेमुळें उद्योगधंदे वाढतील आणि जातींचा पाया असलेली वंशपरंपरागत कामाची वांटणी मोडेल, असें त्यानें त्यांत लिहिलें. त्याच वर्षीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी सुटली. मागोमाग गिरण्या आल्या. जात मोडली काय? मुंबईच्या गिरण्यांत साच्यांवर चांगली मजुरी मिळे. पण धोट्यांतून सूत तोंडानें ओढावें लागतें म्हणून तेथें अस्पृश्य कामगारांस घेत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढें ठेवला. एकाच मालकाचे मजूर, एकाच संपांत उपाशी, तरी साच्याजवळ विटाळ! जात ही कामाचीच नव्हे तर काम करणाऱ्यांचीही वांटणी आहे, असें बाबासाहेबांनीं १९३६ सालीं बजावलें तें ह्यासाठींच. पुढें १९७८ सालीं शरद पाटील ह्यांनीं सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, तोही वर्गाबरोबर जातीचा विचार केलाच पाहिजे ह्या आग्रहानें. येथें मार्क्सचा अंदाज कां चुकला, हें शोधणें हाही मार्क्सचाच अभ्यास आहे.

तसेंच राज्यसत्तेचें. १९१७ सालीं रशियांत मार्क्सच्या नांवानें क्रांति झाली. १९९१ सालीं तें सोव्हिएत राज्य मोडलें. त्यानें जमीनदारी मोडली आणि निरक्षरांस अक्षरें दिलीं हें खरें. तेथें शंका विचारणाऱ्यांस तुरुंग आणि गोळी मिळाली हेंही खरें. १९५६ च्या नोव्हेंबरांत बाबासाहेबांनीं काठमांडूच्या भाषणांत बुद्ध आणि मार्क्स ह्यांची तुलना करून बळजबरीच्या मार्गावर आक्षेप घेतला. वर्गांत ह्या दोन्ही बाजू वाचल्या जाव्या. ज्या मंडळींत प्रश्न विचारणारा फितूर ठरतो, ती मंडळी उद्यां सत्ता हातीं आल्यावर काय करील?

म्हणून वर्गाचे नियम थोडे पण कडक असावे. दर वेळीं वाचणारा निराळा असावा. ज्याला अक्षर जड जातें, त्यानें ऐकून अर्थ आपल्या शब्दांत सांगावा. ज्याचा जो धंदा, त्यानें त्या धंद्याचा हिशेब आणून पुस्तकांतील गोष्ट ताडून पाहावी. अधिक शिकलेल्यानें शेवटीं बोलावें आणि थोडें बोलावें. एका रात्रींत अर्धें पान झालें तरी चालेल, पण न समजतां पुढें जाऊं नये. बायांना येतां येईल अशी वेळ धरावी, आणि त्यांनीं दाराआड बसून न ऐकतां वर्तुळांत बसावें. घरचें रांधणें, पाणी भरणें, मुलें वाढविणें ह्या श्रमांची किंमत कोणत्या खात्यांत लिहिली जाते, हा प्रश्न त्यांच्याखेरीज नीट विचारणार कोण? ज्यानें शेजारच्या माणसाला आपल्या भांड्यांतून पाणी देण्यास कांकूं केलें, त्यानें वर्गसंघटनेचा पाठ पुन्हां पहिल्यापासून वाचावा.

हें सर्व करून उद्यांच भाव वाढणार नाहीं कीं कर्ज फिटणार नाहीं. परंतु जो स्वतः हिशेब मांडूं शकतो, त्याला दुसऱ्याच्या हिशेबावर डोळे मिटून अंगठा उठवावा लागत नाहीं. आपला विचार आपण केला नाहीं तर तो आपल्यासाठीं दुसरा कोणी करील, आणि करतांना आपला वांटा काढून घेईल. पुढच्या आठवड्यास येतांना प्रत्येकानें आपल्या एका दिवसाच्या कामाचा हिशेब आणावा: माल किती, तास किती, हातीं पडले किती. पहिला धडा त्यावरूनच सुरू करूं.