घटस्फोटितांची मुले आणि आजी-आजोबा



नातवंडे आजी-आजोबांजवळ वाढणे ही आपल्या सातारा-सांगलीकडे नवी गोष्ट नव्हे. जावळी-पाटणचा माणूस पोटासाठी मुंबईस गेला, खानापूर-आटपाडीचा गलाईच्या धंद्यासाठी परमुलखास गेला, तेव्हा घर आणि मुले म्हाताऱ्यांनीच सांभाळली. परंतु आईबाप परगावी असणे वेगळे आणि विभक्त होणे वेगळे. पहिल्या मुलास सणाला दोघे एकत्र घरी येतील ही आशा असते. दुसऱ्याच्या मनास, हे आपल्यामुळेच घडले की काय, अशी शंका कुरतडत असते.

काडीमोडीची रूढी अनेक समाजांत जुनीच आहे. हिंदूंना घटस्फोटाची कायदेशीर वाट मुंबई प्रांतात १९४७ साली आणि देशभर १९५५ साली खुली झाली. पती-पत्नीचे नाते कायद्याने संपते. आजी-नातवाचे संपत नाही, हे मात्र आपण विसरतो. मूल आईबरोबर आजोळी येते आणि वडिलांकडची आजी एका दिवसात परकी होते. तिने कोणताही अर्ज केलेला नसतो; तरी निकाल तिलाही भोगावा लागतो, आणि मुलालाही.

अशा मुलास वेळेवरची भाकरी, ठरलेले अंथरूण आणि न चिडता ऐकून घेणारे माणूस हवे असते. हे आजी-आजोबा देऊ शकतात. करोनाने आईवडील हिरावलेल्या एका बालकाचा ताबा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने आजी-आजोबांकडे दिला, तेव्हा केवळ वय वा उत्पन्न हा निकष नव्हे, असेच सांगितले. मात्र नातवासमोर सुनेची वा जावयाची निंदा करणारी आजी त्याच्या जखमेवर मीठच चोळते. हे तिला सौम्य शब्दांत समजावणे शिक्षकासच साधेल. कारण गावात त्याचा शब्द अजून मानला जातो.

आपली कर्तव्ये थोडी, पण निश्चित आहेत. मूल दुसऱ्या गावाहून आल्यास दाखल्यासाठी त्याचा प्रवेश अडवू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यास ते संमत नाही. भरवर्गात 'तुझे वडील कोठे असतात?' असे विचारू नये. पालकसभेस आजी आली तर तिला मानाने बसवावे आणि मुलाची प्रगती तिला समजेल अशा भाषेत सांगावी. ताब्याविषयी वाद असल्यास कोणाची बाजू न घेता न्यायालयाचा आदेश पाहावा व त्याची प्रत मुख्याध्यापकांनी जपून ठेवावी. आदेशाची आडकाठी नसेल, तर स्नेहसंमेलनाचे आमंत्रण दोन्हीकडच्या आजी-आजोबांस धाडावे.

दुभंगलेला संसार सांधणे हे आपले काम नव्हे. परंतु त्या मुलाची दोन्ही अंगणे त्यास मोकळी राहावीत, एवढे आपल्या हाती आहे. तेवढे आपण मनापासून करू या.